ड्राइव्हमध्ये सीडी फुटणे

संगणकाच्या वेगवान सीडी-रॉम किंवा डीव्हीडी ड्राइव्हमध्ये फिरत असताना सीडीचे अचानक तुकडे होणे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ४० एक्स ते ५२ एक्स वेगाचे, म्हणजे मूळ वेगाच्या ४० ते ५२ पट वेगाचे, ड्राइव्ह स्वस्त झाले आणि हा प्रकार जगभर अनुभवास येऊ लागला. ग्रामीण विदर्भात तो घडतो मुख्यतः तालुक्याच्या गावातील फोटो स्टुडिओत आणि झेरॉक्स-ऑनलाइनच्या दुकानात. सीडीचा जमाना सरला असला तरी लग्नाच्या जुन्या सीड्या पेनड्राइव्हमध्ये भरून घ्यायला लोक अजून येतात, आणि वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेली चकती त्या दिवशी थेट ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये जाते.

वेग आणि ताण

सीडी बाजारात आली १९८२ मध्ये, गाणी ऐकण्यासाठी. १२० मिलिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी, मधोमध १५ मिलिमीटरचे भोक, वजन साधारण १५-१६ ग्रॅम. जवळजवळ सगळी चकती पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची. चकाकणारा थर इतका पातळ की मजबुतीत त्याचा वाटा नाही. मूळ वेगात, म्हणजे १ एक्सवर, ती आतल्या भागात मिनिटाला सुमारे ५०० आणि बाहेरच्या काठाशी सुमारे २०० फेरे घेते. व्हीसीडी प्लेअर याच वेगाच्या आसपास चालतो.

संगणकाला गाणे वाजवायचे नसते, माहिती लवकर हवी असते. १ एक्सला सेकंदाला १५० किलोबाइट मिळतात, म्हणून ड्राइव्हचे फेरे वाढवत नेले. ५२ एक्सच्या ड्राइव्हमध्ये चकती मिनिटाला १०,००० च्या आसपास फेरे घेते. तिची कड तेव्हा ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने धावत असते, आणि कडेच्या प्रत्येक कणाला वर्तुळात धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या साडेसहा हजार पटींहून अधिक बल लागते. फिरणाऱ्या चकतीतला ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. ५०० फेऱ्यांवरून १०,००० वर गेले तर वेग वीसपट होतो, पण ताण चारशेपट.

खोक्यावरचा ५२ हा आकडा कमाल वेगाचा. फेरे सर्वत्र सारखेच राहतात, त्यामुळे आतल्या भागात माहिती वाचली जाते जेमतेम २२-२३ एक्सने. सीडीवरचे लेखन आतून बाहेर जाते, म्हणून अर्धी भरलेली सीडी खोक्यावरचा वेग कधीच गाठत नाही. ताण मात्र पूर्ण सोसते. कंपन्यांच्या आकड्यांच्या चढाओढीत ग्राहकाच्या पदरी पडला तो बव्हंशी आवाज. केनवूड कंपनीने वेगळी वाट काढली होती: लेझरचा किरण सातांत विभागून शेजारशेजारचे मार्ग एकाच वेळी वाचायचे आणि फेरे कमी ठेवायचे. तिचा ड्राइव्ह ७२ एक्सपर्यंत पोहोचला, पण ही पद्धत रुळली नाही. पुढे डीव्हीडी १६ एक्सवर आणि ब्लू-रे १२ एक्सवर आली, तेव्हाही मिनिटाला नऊ-दहा हजार फेऱ्यांची हीच भिंत आडवी आली. एक्सचा अर्थ बदलत गेला, प्लास्टिक तेच राहिले.

तरीही धडधाकट सीडी या वेगाला फुटायला नको. १०,००० फेऱ्यांवर सर्वाधिक ताण मधल्या भोकाच्या काठाशी येतो आणि हिशेब केला तर तो चार मेगापास्कलच्या (ताण मोजायचे एकक) घरात भरतो. पॉलिकार्बोनेट साठच्या आसपास तुटते. म्हणजे पंधरापट राखीव ताकद आहे. ही राखीव ताकद खाऊन टाकते ती चीर. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि एरवी चिवट असणारे पॉलिकार्बोनेट तीक्ष्ण खाच पडली की काचेसारखे ठिसूळ वागू लागते. शिवाय सर्वाधिक ताणाची जागा आणि चिरा पडण्याची जागा एकच आहे: भोकाचा काठ.

चीर येते कुठून

सर्वांत मोठे कारण डबी. लग्नाची सीडी ज्या कडक प्लास्टिकच्या डबीत किंवा अल्बमच्या पुठ्ठ्यात बसवून देतात, तिच्या मधल्या खुंटीचे दाते फार घट्ट असतात. खुंटी अंगठ्याने दाबून चकती सोडवायची असते. घरोघरी ती कडेला धरून ओढली जाते. चकती वाकते, आणि वाकण्याचा सगळा जोर भोकाच्या काठावर येतो. अशी ओढाताण पाहुण्यारावळ्यांच्या प्रत्येक फेरीला झाली की दोन-तीन मिलिमीटरची केसासारखी चीर पडते. मधले कडे पारदर्शक असते, त्यामुळे उजेडासमोर धरल्यास ती दिसते. पण पाहतो कोण?

दुसरे कारण पुसण्याचे. अडकणारी सीडी पेट्रोलने, थिनरने किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवाने पुसण्याचा उपाय वाईट आहे. पॉलिकार्बोनेट पाण्याला आणि सौम्य साबणाला दाद देत नाही, पण या द्रवांनी आधीच ताणाखाली असलेल्या भागात बारीक भेगांचे जाळे पडते. चिकट लेबल, सेलोटेप, एका बाजूला लावलेला हळदीकुंकवाचा टिळा यांनी तोल जातो. बऱ्याच ड्राइव्हमध्ये दांड्याभोवतीच्या खोबणीत बारीक पोलादी गोळ्या असतात; त्या आपोआप सरकून थोडा असमतोल सावरतात. जास्त असला तर ड्राइव्ह घरघरतो आणि त्या कंपनाने असलेली चीर वाढते. व्हिजिटिंग कार्डाच्या किंवा बदामाच्या आकाराच्या सीड्या तर वेगवान ड्राइव्हमध्ये घालूच नयेत.

उन्हाळ्याला मात्र लोक देतात तितका दोष देता येत नाही. अकोला, वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, टिनाच्या घरात आणखी तापते. पण पॉलिकार्बोनेट मऊ पडायला १४० अंशांहून अधिक तापमान लागते. तिरकी ठेवलेली किंवा ओझ्याखाली दबलेली चकती उन्हात वाकडी होऊ शकते आणि मग कापू लागते, एवढाच उष्णतेचा हातभार. शेतात पाखरे हाकायला टांगलेल्या सीडीची गोष्ट वेगळी. तिच्यावर अतिनील किरणांचा सतत मारा होतो, प्लास्टिक पिवळे आणि ठिसूळ होते, चकाकी सुटते. ज्वारीच्या धुऱ्यावरून काढलेली चकती पुन्हा ड्राइव्हमध्ये घालण्यात अर्थ नाही.

विजेबद्दलचा समजही तपासून घ्यावा असा आहे. भारनियमनानंतर लाइन येते तेव्हा दाब वाढतो, म्हणून ड्राइव्ह जोरात फिरला आणि सीडी फुटली, असे स्पष्टीकरण ऐकू येते. ते बरोबर नाही. ड्राइव्हच्या मोटरला संगणकाच्या पॉवर सप्लायकडून ठरलेल्या दाबाची वीज मिळते आणि फेरे ड्राइव्हमधले नियंत्रक ठरवतात. बाहेर दाब वाढला तर पॉवर सप्लाय जळेल, चकती वेगाने फिरणार नाही. खरा संबंध असेल तर इतकाच की आत विसरलेली सीडी संगणक सुरू होताच पुन्हा वेग घेते, आणि प्रत्येक वेळी वेग घेणे-सोडणे म्हणजे चिरेला आणखी एक हिसका.

यातूनच दुकानदार आणि गिऱ्हाईक यांचा नेहमीचा वाद उभा राहतो. “अवो भाऊ, घरी टीव्हीवर तं कालच लावली होती जी, चांगली चालत होती!” गिऱ्हाईक खोटे बोलत नसते. झाडीपट्टीतली दंडारीची (तिथल्या लोकनाट्याची) सीडी असो की वऱ्हाडातली भजनांची, चिरलेली चकती प्लेअरमध्ये वर्षानुवर्षे चालते, कारण तिथला ताण ड्राइव्हच्या चारशेव्या भागाइतका असतो. चीर पडली घरी, तुकडे झाले दुकानात. भरपाई मागणे न्यायाचे नाही. पण गिऱ्हाइकासमोर चकती उजेडाला धरून न पाहताच ती आत सरकवणारा दुकानदारही पूर्ण सुटत नाही.

फुटताना आणि फुटल्यावर

आधी घरघर वाढते, संगणक अडखळतो, मग बंदुकीच्या बारासारखा एकच आवाज. ड्राइव्हमध्ये चकती मधल्या कड्याशी, साधारण २६ ते ३३ मिलिमीटर व्यासाच्या पट्ट्यात, चिमटीत धरलेली असते. चीर ही पकड ओलांडून बाहेर सरकली की तिला आवरणारे काही उरत नाही आणि ती क्षणात काठापर्यंत धावते. पूर्ण वेगातल्या सीडीत सुमारे १६ ज्यूल ऊर्जा असते, म्हणजे किलोभर वजन दीड-पावणेदोन मीटरवरून पडावे तेवढी. पत्र्याची पेटी बहुतेक तुकडे अडवते. कच्चा दुवा समोरचा, ट्रेच्या तोंडाचे प्लास्टिकचे झाकण. ते तोडून तुकडे बाहेर उडाल्याची उदाहरणे आहेत, आणि टेबलाखालच्या सीपीयूचा ड्राइव्ह नेमका बसलेल्या माणसाच्या गुडघ्यासमोर किंवा बाजूला उभ्या पोराच्या चेहऱ्यासमोर येतो.

घरघर ऐकू आली तर बटण दाबून सीडी बाहेर काढावी. फुटलीच, तर ट्रे उघडण्याचा प्रयत्न न करता आधी वीज बंद करावी. मग ड्राइव्ह सोडवून, खालचे चार स्क्रू काढून, डोळ्यांवर चष्मा ठेवून तुकडे वेचावेत. कडा ब्लेडसारख्या असतात आणि चमकीचा चुरा लेन्सवर बसतो. असा ड्राइव्ह साफ करून चालू झाला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

चीर आधीच दिसली तर सीडी वाचवता येते. निरो ड्राइव्हस्पीडसारख्या प्रोग्रॅमने ड्राइव्हचा वेग ४ किंवा ८ एक्सवर बांधावा आणि एका बैठकीत सगळी माहिती उतरवून घ्यावी. लिनक्समध्ये यासाठी वेगळा प्रोग्रॅमही लागत नाही, ‘इजेक्ट’ या आज्ञेतच वेग ठरवण्याची सोय आहे. चिरेवर टेप किंवा फेव्हिक्विक लावू नये. टेपने तोल बिघडतो, आणि फेव्हिक्विकमुळे चिरेची ताकद परत येत नाही.

तुकडे झालेल्या सीडीतून लग्न परत मिळत नाही. माहितीची सर्पिलाकार वाट जागोजागी तुटलेली असते आणि भेगांच्या कडेने चकाकीचा थर सोललेला असतो. स्टुडिओत चित्रीकरणाची मूळ मिनी डीव्ही कॅसेट शिल्लक असण्याची आशाही थोडीच, कारण कॅसेट महाग म्हणून पुढच्या लग्नाला तीच पुन्हा भरली जाई. पण सीडीच्या प्रती सहसा एकाहून अधिक काढलेल्या असत, एक नवरीच्या माहेरी, एक सासरी. तेव्हा सोयऱ्यांकडे विचारावे, आणि ती दुसरी सीडी मिळाली तर डबीतून काढताना मधली खुंटी दाबावी.