संगणकावरचे ड्रम : काम देण्याआधी हे वाचून या

‘ड्रम काय, संगणकच वाजवतो. अर्ध्या तासाचं काम.’ फोंड्यातल्या आमच्या छोट्या स्टुडिओत येणाऱ्या दोघांपैकी एक जण तरी दारातच हे म्हणतो. संगणक वाजवतो हे खरंच. पण काय वाजवायचं, किती जोरात, आणि ठोका नेमका कधी टाकायचा हे त्याला एकेक करून सांगावं लागतं. ते सांगण्यासाठी काही गोष्टी आम्हाला तुमच्याकडून कळाव्या लागतात, आणि त्या आधीच कळल्या तर तुमचे पैसे वाचतात. जत्रेतल्या नाटकाचं पार्श्वसंगीत असो, चवथीच्या आरत्या असोत, शाळेच्या स्नेहसंमेलनातला नाच असो की लग्नात वाजवायचे ट्रॅक, हे पत्रक सगळ्यांना लागू.

फाईलमध्ये आवाज नसतो

मिडी फाईल म्हणजे वादकाच्या हाती दिलेली चिठ्ठी. अमुक क्षणी अमुक क्रमांकाचा ठोका, एवढ्या जोराने, बस्स. आवाज त्यात औषधालाही सापडायचा नाही. चार मिनिटांच्या गाण्याचे सगळे ड्रम काही किलोबाइटांत मावतात. मोबाइलवरचा साधा फोटो त्याहून कितीतरी मोठा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांची भाषा कळावी म्हणून 1983 साली ही पद्धत ठरली. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांनी त्यात पुढाकार घेतला, आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात दोन कंपन्यांचे सिंथेसायझर वायरीने जोडून एकमेकांकडून वाजवून दाखवले. आज वायरीच्या जागी यूएसबी आली, चिठ्ठीची भाषा मात्र बहुतेक तीच आहे.

ग्राहकाच्या दृष्टीने ह्याचा अर्थ एवढाच की, चिठ्ठी चिठ्ठी असेतो बदल स्वस्त आहे. लय 96 वरून 104 वर न्यायची? एक आकडा बदलला की झालं, आवाज चिरकत नाही की घोगरा होत नाही. स्नेअर, म्हणजे काडीने वाजणारा खणखणीत ड्रम, फार कडक वाटतो? दुसरा लावू, ठोके जागच्या जागी राहतात. दुसऱ्या कडव्याआधीचा रिकामा भाग दोन आवर्तनांनी वाढवायचा? पाच मिनिटं. पण एकदा त्यातून पक्का आवाज, म्हणजे वेव फाईल, काढून तिच्यावर गायकाचं रेकॉर्डिंग झालं, की तोच बदल अर्धा दिवस खातो. म्हणून गायकाला बोलावण्याआधी आम्ही कच्चा ट्रॅक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो कृपा करून मंडळातल्या सगळ्यांना ऐकवा. ‘मास्तरांनी अजून ऐकलं नाही’ हे वाक्य रेकॉर्डिंगच्या दिवशी ऐकायला नको वाटतं.

आता आमचीच एक चूक सांगतो. कीबोर्ड वाजवणाऱ्या एका ग्राहकाला आम्ही मिडी फाईल दिली. रात्री त्यांचा लग्नमंडपातून फोन: ‘ड्रम मागितले होते, हा पियानो का बडबडतोय?’ झालं होतं असं: मिडीत सोळा चॅनल असतात, आणि जनरल मिडी या 1991 पासूनच्या ठरलेल्या पद्धतीत ड्रमसाठी दहावा चॅनल राखीव असतो. आम्ही घाईत फाईल पहिल्या चॅनलवर काढली होती. दहाव्यावर 36 म्हणजे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), 38 स्नेअर, 42 मिटलेला हायहॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), 46 उघडा, 49 क्रॅश आणि 51 राइड या मोठ्या झांजा. पहिल्या चॅनलवर तेच आकडे म्हणजे पियानोच्या पट्ट्या, आणि त्याही खालच्या सप्तकातल्या. वाजलं ते भुतासारखंच वाजलं असणार. तेव्हापासून कीबोर्डचं मॉडेल विचारल्याशिवाय आम्ही फाईल देत नाही. काही कीबोर्ड फक्त टाइप 0 ची, म्हणजे सगळं एकाच ट्रॅकमध्ये असलेली फाईल वाचतात. टाइप 1, म्हणजे वेगवेगळ्या ट्रॅकची, दिली तर ते गप्प बसतात. आणखी एक: फोनवर बोलताना सुराचं नाव न सांगता आकडाच सांगा. 36 ला काही सॉफ्टवेअर सी-1 म्हणतात आणि काही सी-2, त्यात आमचा एक सबंध सकाळचा वेळ गेलेला आहे.

ताल सांगा, आकडा आम्ही काढू

‘लय 160 ठेवा’ असं कुणी म्हटलं की आम्ही हात आवरतो. तबलजी मात्रा मोजतो, ड्रमवाला बीट मोजतो, आणि एका बीटमध्ये दोन मात्रा बसवल्या की तबलजीचे 160 ते ड्रमवाल्याचे 80. दोघेही बरोबर असतात आणि ट्रॅक चुकतो. त्यापेक्षा तालाचं नाव सांगा आणि मोबाइलवर अर्धा मिनिट टाळी वाजवत गाऊन पाठवा. सूर लागला नाही तरी चालेल.

ताल कळला की किक कुठे टाकायची ते कळतं. केरवा घ्या: धा गे ना ति, न क धि न. डग्ग्याचं वजन पहिल्या ‘धा’वर आहे, मधे ‘न क’ला तो उचललेला असतो, आणि सातव्या मात्रेवर ‘धि’ला परत बसतो. म्हणून किक एक आणि सातवर ठेवली की विलायती ड्रमसुद्धा आपल्या माणसाला केरवाच वाटतो. ‘गे’वर हलकी किक दिली तर आणखी गोड. सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळणारी तयार लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, एक आणि पाचवर किक मारते, आणि पाचवी तर केरव्याची खाली, म्हणजे डग्ग्याच्या वजनाविना जाणारी हलकी मात्रा. भजनाला ती लावली की गाणारा अडखळतो, पण का अडखळतोय ते त्याला सांगता येत नाही.

रूपक त्याहून फसवा. ती ती ना, धी ना, धी ना. सात मात्रा, आणि समेवरच, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्याच मात्रेवर, खाली. पाश्चात्त्य ड्रम शिकलेला मुलगा सवयीने पहिल्या मात्रेवर दणका देतो आणि नाट्यपदाचा जीव घेतो. इथे किक चार आणि सहावर, आणि समेवर फार तर राइडची एक किणकिण. मांडो, म्हणजे गोव्यातलं संथ कोंकणी गीत, करायचा असेल तर तो सहाचा, म्हणजे 6/4. सॉफ्टवेअर उघडताच 4/4 दाखवतं, ते तसंच राहिलं तर मेट्रोनोमचा, म्हणजे लय मोजून देणाऱ्या यंत्राचा, ‘टिंग’ भलत्याच ठिकाणी पडतो आणि व्हायोलिन वाजवणारा आमच्याकडे संशयाने बघतो. मांडोच्या जोडीने येणाऱ्या जलद दुलपदाला आम्ही 6/8 धरतो. दादराही सहाचाच, पण धा धी ना, धा ती ना हे तीन-तीनचे दोन तुकडे आहेत. मांडोचं झुलणं त्यात बसवू नका.

तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं, हवी असेल तर आधी सांगा, आम्हाला ती बसवायला आवडते. सर्वांत सोपी बघा: तीन ठोक्यांचा तुकडा, शेवटचा ठोका ‘धा’. आठ मात्रांच्या तालात समेपासून सुरू करून तोच तुकडा मधे जागा न सोडता तीनदा घ्यायचा. एकूण नऊ ठोके. ‘धा’ पडतो तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या ठोक्याला, आणि नववा म्हणजे पुढच्या आवर्तनाची सम. पडद्यावर हे तिरकं दिसतं, कारण चौकटी चार-चारच्या आणि तुकडे तीनचे. एकदा आमच्याकडच्या नव्या मुलाने ‘चुकलंय’ म्हणून ते सरळ करून टाकलं होतं.

घुमट की घड्याळ

आरती मंडळाचं एक काम आम्ही अगदी मन लावून केलं होतं. प्रत्येक ठोका रेषेवर, काडीचाही फरक नाही. घुमट म्हणजे मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेलं वाद्य; मंडळातले एक वयस्कर घुमटवादक खुर्चीवर बसून शांतपणे ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, ‘हें घुमट न्हय, घड्याळ.’ ते बरोबर होते.

माणूस वाजवतो तेव्हा दोन ठोके सारख्या जोराचे नसतात. मिडीत जोराचा आकडा 1 ते 127. हायहॅटच्या आठ ठोक्यांना आठही वेळा 100 दिला की शिवणयंत्र सुरू झाल्यासारखं ऐकू येतं. 98, 60, 84, 56, 94, 62, 80, 66 असे दिले की हात दिसायला लागतो. स्नेअरवर मधे 25 ते 40 च्या दरम्यान दोन-तीन कुजबुजते ठोके टाकावेत. ते वेगळे ऐकू येत नाहीत, काढून टाकले की मात्र काहीतरी गेलं असं वाटतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आमचं सॉफ्टवेअर एका बीटचे 480 भाग करतं. लय 90 असेल तर एक भाग 1.4 मिलिसेकंदांचा. स्नेअर दहा भाग मागे ओढला, म्हणजे साधारण 14 मिलिसेकंद, की गाणं पाठीला उशी लावून बसल्यासारखं होतं. तेवढाच पुढे ढकलला की धावत सुटतं. ठोके रेषेवर आणण्याचं क्वांटाइझ नावाचं बटण आहे, ते आम्ही शंभर टक्के कधीच दाबत नाही; साठ-सत्तरवर थांबतो. ‘ह्यूमनाइझ’ म्हणून जे बटण असतं त्याच्यावरही आमचा विश्वास नाही. ते ठोके कसेही विस्कटतं. माणूस असा विस्कटत नाही. तो ठरावीक जागी मागे राहतो आणि ठरावीक जागी घाई करतो.

आणि ड्रमवाल्याला हात दोन, पाय दोन. तीन टॉम (संचातले इतर ड्रम), क्रॅश आणि हायहॅट एकाच क्षणी वाजले तर ऐकणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही, पण पटतही नाही. फिल, म्हणजे दोन भागांना जोडणारा ठोक्यांचा तुकडा, चालू असताना हायहॅटचा हात आम्ही उचलतो. ग्राहक कधी कधी म्हणतात, ‘मधे रिकामं वाटतंय.’ दोन दिवस ऐका, मग सांगा.

आरतीची लय चढते, तीही सरळ रेषेत नाही. कडव्याच्या शेवटाला थोडी उडी घेते आणि पुढच्या कडव्याला तिथेच टिकते. त्यासाठी आधी तुमचं साधं गाणं रेकॉर्ड करून त्याच्यावर लयीचा नकाशा आखावा लागतो. ह्याचे पैसे वेगळे पडतात, आणि आरतीच्या कामात ते वाचवू नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

खरं घुमट

जनरल मिडीच्या यादीत बोंगो आहे, काउबेल आहे, घुमट नाही, घुमटाच्या जोडीला वाजणारं शामेळ नाही, तबलाही नाही. 2019 साली गोव्याने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण सॉफ्टवेअरवाल्यांपर्यंत ती बातमी पोचलेली नसावी. बोंगोवर घुमट वाजवून ‘चालेल’ म्हणणारे आहेत. आमच्याकडे चालत नाही. आम्ही आमचे आवाज स्वतः रेकॉर्ड केले आहेत: हलका, मध्यम आणि जोराचा ठोका वेगळा, आणि प्रत्येकाचे चार-चार नमुने, म्हणजे लागोपाठ तोच ठोका आला तरी तोच आवाज परत येत नाही.

घुमटाची खरी गंमत डाव्या हातात. मातीच्या भांड्याचं धाकटं तोंड तळव्याने मिटत-उघडत गेलं की तो ‘घूं’ वर चढतो नि खाली येतो. हे आम्ही पिचबेंडच्या, म्हणजे सूर वरखाली सरकवणाऱ्या, रेषेने करतो. तिचे 16384 टप्पे असतात, त्यामुळे घसरण गुळगुळीत येते, पण ती रेषा माणसाचा हात बघून काढावी लागते. म्हणून आमची विनंती असते की मंडळातला एक जण तासभर येऊन आमच्यासमोर वाजवून जावा. शक्य नसेल तर डाव्या हाताचा व्हिडिओ पाठवा. उजवा आम्हाला ऐकूनच कळतो.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं असतं, आणि आमचे नमुनेही त्याचेच. जुन्या कॅसेटवरचा आवाज तंतोतंत हवा असेल तर तो मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

येताना, जाताना

येताना गाण्याची मांडणी कागदावर लिहून आणा: मुखडा किती आवर्तनं, कडवी किती, मधे पेटी वाजते की बासरी, शेवट एकदम की विरत. गायकाची पट्टी सांगा; किक आणि टॉम थोडे त्या सुराकडे झुकवले की गाणं बसतं. नाचासाठी असेल तर नाच बसवणाऱ्या बाईंनाच घेऊन या, मधला निरोप्या नको.

जाताना तुम्हाला मिडी फाईल, पूर्ण ट्रॅकची वेव फाईल, आणि किक, स्नेअर, झांजा, घुमट असे वेगवेगळे आवाज मिळतात. नाटकवाल्यांना मेट्रोनोमसह एक आणि विना एक अशा दोन प्रती. दोन वेळचे बदल ठरलेल्या दरात; तिसऱ्यापासून तासावर. घरी स्वतः करून बघायचं असेल तर हायड्रोजन नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. आमचं गिऱ्हाईक कमी होईल, पण तुमचं बोलणं आम्हाला चटकन कळेल.

चवथीची कामं जुलै संपण्याआधी आणा. त्यानंतर वेळ नसतो, आणि पावसात वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. घुमट घेऊन येत असाल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणा. वाटेत कातडं ओलसर होऊन सैल पडलंच तर तापवायला शेगडी आमच्याकडे आहे.