पंधरा पौंड हवा

हिवाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी शारजाच्या मलीहा भागात, किंवा दुबईहून हत्त्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायरजवळ, डांबराच्या कडेला दहा-बारा फोर-व्हील गाड्या ओळीने उभ्या असलेल्या दिसतात आणि त्यांचे चालक चाकांपाशी उकिडवे बसून टायरमधली हवा सोडत असतात. वाळवंटात गाडी चालवणाऱ्या क्लबांच्या मोहिमेची सुरुवात अशी होते. या मंडळींत नोकरीनिमित्त अमिरातीत स्थायिक झालेले मराठी लोकही भेटतात. आयुष्यभर पेट्रोल पंपावर हवा भरून घेण्याचीच सवय असलेल्या माणसाला ३५ पौंडांवरचा काटा स्वतःच्या हाताने १५ पौंडांवर आणताना पहिल्या वेळी धाकधूक वाटते, आणि ती स्वाभाविक आहे. मात्र क्लबचे नियम नवख्याला विचित्र वाटले, तरी त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम वाळूच्या भौतिकीतून निघालेला आहे.

आपण ज्याला सवयीने ‘पौंड’ म्हणतो, तो दर चौरस इंचावरचा दाब असतो. सामानासकट २,४०० किलो वजनाच्या गाडीच्या एकेका चाकावर साधारण ६०० किलो भार येतो. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, तर हा भार पेलण्यासाठी ढोबळमानाने २४५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन पोस्टकार्डांएवढा भाग जमिनीला टेकावा लागतो. १५ पौंडांवर तोच भाग ५७० चौरस सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ए-फोर आकाराच्या कागदापेक्षा किंचित कमी होतो. टायरच्या भिंतींचा ताठरपणाही थोडा भार उचलत असल्यामुळे प्रत्यक्षातले आकडे जरा वेगळे येतात, पण हिशेबाची दिशा हीच राहते. दाब निम्म्याहून कमी झाला की चाक कमी रुतते, आणि ते जितके कमी रुतेल तितका त्याच्यापुढचा वाळूचा चढ लहान राहतो. सपाट वाळूवर धावणारी गाडीही वास्तविक सतत चढावरच असते, कारण स्वतःच्या चाकाने केलेल्या खळग्यातून तिला क्षणोक्षणी वर यावे लागते.

या ठिकाणी अनेकांची समजूत चुकते. हवा कमी केल्यावर टायर पसरट होतो आणि रुंदीमुळे वाळूवर तरंगतो, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत कितीतरी अधिक वाढतो आणि फायदा होतो तो मुख्यतः त्या लांबीचाच. रुंद चाकाला रुंद पट्ट्यातली वाळू पुढे ढकलावी लागते, तर लांबट ठसा तेवढाच भार वाहताना समोरची कमी वाळू रेटतो. अर्थात हवा काढण्यालाही मर्यादा आहे. दाब फारच कमी असताना वेगात जोराचे वळण घेतले, तर टायरची कड रिमवरून निसटते आणि भर उन्हात जॅक लावून ती पुन्हा बसवण्याचे काम निघते. शिवाय हवा तापते. सकाळी २७ अंश सेल्सियसला भरलेली १५ पौंड हवा दुपारी ५७ अंशांवर गेली, तर काटा सुमारे १८ पौंड दाखवतो. कोणी हवा न भरता चाक कडक झालेले असते. दुपारनंतर वारंवार गाड्या अडकू लागल्या की जाणते लोक वाळूला दोष देण्याआधी काटा पाहतात.

ही युक्ती क्लबांनी शोधलेली नाही. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करातील अभियंता-अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत इजिप्त आणि लिबियाच्या वाळवंटात साध्या फोर्ड मोटारी नेल्या. टायरची हवा कमी करणे, रुतलेल्या चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवणे, रेडिएटरमधून निघणारी वाफ थंड करून पाणी परत मिळवणे हे सारे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी अनुभवातून बसवले. मोटारी कुठे रुततात आणि कुठे रुतत नाहीत, या व्यावहारिक प्रश्नातून तो वाळूच्या विज्ञानाकडे वळला, लंडनमध्ये वायुबोगदा बांधून त्यात वाळूचे कण उडवत बसला आणि १९४१ साली त्याचा जो ग्रंथ निघाला तो वालुकागिरींच्या, म्हणजे वाळूच्या टेकड्यांच्या, अभ्यासाचा पाया मानला जातो. मंगळावरच्या ज्या वाळूच्या टेकड्यांपाशी ‘क्युरिऑसिटी’ हे फिरते यान २०१५ च्या अखेरीस पोहोचले, त्यांना शास्त्रज्ञांनी बॅग्नोल्डचेच नाव दिले आहे.

बॅग्नोल्डने दाखवून दिले की वाऱ्याने वाहणारी वाळू धुळीसारखी हवेत तरंगत नाही, तर उड्या मारत जाते. साधारण पाव मिलिमीटर व्यासाचा कण उचलला जातो, थोडे अंतर कापून खाली आदळतो आणि आदळताना इतर कणांना उडवतो. टेकडीच्या वाऱ्याकडच्या बाजूवर हा मारा सतत चालू असल्यामुळे तिथले कण एकमेकांत घट्ट बसतात. हा उतार सहसा १०-१५ अंशांचा, सौम्य असतो आणि त्यावर भूगोलाच्या पुस्तकात भेटणारी ऊर्मिचिन्हे उमटलेली असतात. कण माथ्यावर पोहोचला की वाऱ्याच्या आडोशाला पडतो; तिथे त्याला ठोकून बसवणारे कोणी नसते. वाळू साचत जाते, उतार तीव्र होतो आणि एका मर्यादेनंतर कोसळून पुन्हा त्याच मर्यादेवर येऊन थांबतो. खळ्यात मळणीनंतर ओतलेल्या धान्याची रास ठराविक उतारापेक्षा उभी होत नाही, वरून पायली ओतली की कडेने तेवढेच दाणे घरंगळतात. हेच ते गणित आहे. कोरड्या वाळूसाठी हा कोन ३२ ते ३४ अंशांचा असतो.

एकाच टेकडीच्या या दोन बाजू दिसायला सारख्या, पण चाकाखाली अगदी निराळ्या असतात. घट्ट बसलेल्या कणांचा थर सरकवायचा असेल, तर कणांना एकमेकांवर चढावे लागते आणि त्यासाठी थराला आधी फुगावे लागते. ऑसबोर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश अभियंता-शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये ही गोष्ट मांडली. कोकणातल्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत पाय दाबला की पावलाभोवतीचे वर्तुळ क्षणभर कोरडे दिसते, ते याचमुळे: फुगलेल्या वाळूतल्या वाढलेल्या पोकळ्यांत वरचे पाणी शोषले जाते. फुगण्याला होणारा हा विरोध म्हणजे चाकाला मिळणारा आधार होय. आडोशाच्या बाजूची सैल वाळू मात्र फुगण्याऐवजी आणखी दबते आणि चाक खाली जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ३३ अंशांच्या उतारावरची वाळू आपले सगळे घर्षण स्वतःला जागेवर धरून ठेवण्यातच खर्च करत असते. त्या वाळूला रेटा देऊन वर जाऊ पाहणाऱ्या चाकासाठी तिच्यापाशी काहीच शिल्लक नसते. म्हणून चढायचे वाऱ्याच्या बाजूने आणि उतरायचे आडोशाच्या बाजूने, हा संकेत पडला आहे. अमिरातीत प्रमुख वारा वायव्येकडून येणारा ‘शमाल’ असला, तरी ऋतूनुसार वारे पालटतात आणि गेल्या आठवड्यातला मऊ उतार या आठवड्यात कुठे असेल हे माथे वाचूनच ठरवावे लागते. हे वाचन शिकायला वर्षे लागतात.

उतरणे दिसायला भीतिदायक आणि प्रत्यक्षात सोपे असते, फक्त गाडी नाकासमोर सरळ हवी. अशा उतारावर गाडी आडवी झाली, तर खालच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो आणि ती आणखी रुततात. दोन बाजूंच्या चाकांमध्ये १.६ मीटर अंतर असलेल्या गाडीची खालची चाके २० सेंटिमीटर रुतली, की तिचा कल आणखी ७ अंशांनी वाढतो. म्हणजे ३३ चे ४० होतात. उंच बांध्याची गाडी स्थिर अवस्थेत साधारण ४५ अंशांच्या आसपास कलंडते, आणि टपावर सामान असेल तर त्याच्याही आधी. त्यामुळे गाडी आडवी सरकू लागताच चाके उताराच्या दिशेने वळवून हलकासा वेग द्यायचा असतो. घाबरलेला माणूस नेमके उलट करतो, माथ्याकडे वळवतो आणि ब्रेक दाबतो. ब्रेकने अडवलेले चाक आपल्यापुढे वाळूचा बांध उभा करते. याच कारणाने सपाटीवरही ब्रेक न लावता गाडीला आपोआप थांबू दिले जाते, आणि थांबताना तिचे तोंड उताराकडे ठेवले जाते.

चढताना वेगाबद्दल नवख्यांना अवाजवी विश्वास असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने आलेली गाडी, कुठलाही विरोध नसता तर, केवळ त्या वेगाच्या जोरावर १४ मीटर उंच चढली असती. अल बदायरची ‘बिग रेड’ म्हणून प्रसिद्ध असलेली तांबडी टेकडी सुमारे १०० मीटर उंच आहे. तेव्हा बाकीची उंची इंजिनाने आणि वाळूच्या आधारानेच गाठावी लागते, आणि तो आधार चाक वाळूत किती घसरते यावर अवलंबून असतो. थोडी घसरण आवश्यक असते, कारण वाळू किंचित सरकल्याशिवाय उलटा रेटा देत नाही. पण चाक जागच्या जागी फिरू लागले की ते फावड्यासारखे वाळू मागे फेकते आणि खाली जाते. काही सेकंदांत गाडीचे पोट वाळूवर टेकते आणि मग चाकांवर भारच उरत नाही. गाडी पुढे सरकत नसेल तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, हा नियम क्लबात सर्वाधिक वेळा सांगितला जातो आणि, माझ्या मते, सर्वाधिक वेळा मोडलाही जातो.

आता समूहाकडे वळू. सर्वांत पुढे वाट काढणारी ‘लीड’ गाडी, सर्वांत शेवटी अनुभवी चालकाची ‘स्वीप’ गाडी, आणि नवखे बहुधा लीडच्या लगेच मागे, अशी रचना असते. नवख्यांना पुढे ठेवण्यामागे सौजन्याहून अधिक काही आहे. सपाटीवर आधीच्या गाड्यांनी वाळू दाबलेली असते, त्यामुळे चाकोरीतून जाणे मागच्यांना सोपे जाते. चढावर मात्र उलट घडते. प्रत्येक गाडीची घसरणारी चाके वरचा घट्ट थर फोडत जातात आणि दहाव्या गाडीच्या वाट्याला उकरलेले शेत येते. शेवटच्या चालकाला कौशल्य जास्त लागते ते यासाठी.

टेकडीचा माथा हा दृष्टीचा पडदा असतो. पुढची गाडी पलीकडे सुखरूप उतरल्याचे वायरलेसवर कळेपर्यंत मागच्याने चढायचे नाही, कारण ती माथ्यावर पोटावर अडकलेली असू शकते किंवा चढ न जमल्याने उलटी येत असू शकते. गाडीवर दोन-तीन मीटर उंच काठीला लावलेला झेंडा चालकाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा बराच आधी माथ्यापलीकडे दिसतो. शिवाय प्रत्येकाने आपल्या मागच्याला आरशात धरून ठेवायचे आणि तो दिसेनासा झाला तर थांबायचे. एवढ्या एका नियमाने बातमी शेपटापासून डोक्यापर्यंत आपोआप पोहोचते. दर माथ्यावर एका गाडीला ४० सेकंद धरले, तर १२ गाड्यांना ८ मिनिटे लागतात. अशा २० माथ्यांना अडीच तासांहून अधिक. तांडा लहान ठेवण्याचे आणि चालकांची कौशल्यानुसार विभागणी करण्याचे कारण या गुणाकारात आहे.

रुतलेली गाडी काढताना तर दुसऱ्या गाडीला पर्यायच नसतो, कारण विंचचा, म्हणजे गाडीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राचा, दोर बांधायला वाळूत झाड किंवा खडक मिळत नाही. आधी चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसायची, हवा आणखी थोडी कमी करायची आणि आल्या चाकोरीतून मागे यायचे. बहुतेक वेळा एवढे पुरते. नाहीच जमले तर नायलॉनचा ताणला जाणारा दोर वापरतात. ताशी १५ किलोमीटर वेगाने निघालेल्या २,४०० किलोच्या गाडीची ऊर्जा ती गाडी जवळजवळ ९० सेंटिमीटरवरून खाली पडल्याइतकी असते. दोर ती ताणात साठवतो आणि झटका न देता रुतलेल्या गाडीकडे पोहोचवतो. पण हा दोर ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे असलेल्या लोखंडी गोळ्याला अडकवला आणि गोळा तुटला, तर तीच ऊर्जा लोखंडाच्या गोळ्याला मिळते. अशा अपघातांत माणसे दगावली आहेत. म्हणून दोर फक्त गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या हुकात अडकवायचा आणि ओढताना बाकीच्यांनी दूर उभे राहायचे, याबाबतीत क्लब अजिबात सूट देत नाहीत.

टेकड्यांमधल्या सपाट जागा सुरक्षित वाटतात, पण त्यांतल्या काही ‘सबखा’ असतात: वर मिठाची कोरडी पापडी आणि खाली खारा चिखल. तिथे हवा कमी करण्याचा फारसा उपयोग होत नाही. भर दुपारीही टेकड्यांत शिरणे टाळतात, कारण सूर्य डोक्यावर आला की सावल्या नाहीशा होतात, आणि सावलीशिवाय समोर उतार आहे की खड्डा हे डोळ्याला उमगत नाही. वाटेत घाफची झाडे लागली, तर त्यांच्यापासून लांबून जायचे असते. अमिरातीने २००८ साली राष्ट्रीय वृक्ष ठरवलेला घाफ म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमीच. तिची मुळे फार खोल जातात आणि तिच्या आधाराने थोडी वाळू व बरेच जीव टिकून असतात.

एकट्या गाडीचे काय होते, याचे उत्तम उदाहरण पृथ्वीबाहेरचे आहे. मंगळावरचे ‘स्पिरिट’ हे सहा चाकांचे यान २००९ मध्ये वरची पापडी फुटून खालच्या मऊ मातीत रुतले. त्याआधीच त्याचे एक चाक निकामी झालेले होते. पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तशीच माती पेटीत तयार करून, दुसरे यान मुद्दाम रुतवून, सुटकेचे प्रयोग केले, पण मंगळावर मागून दोर टाकणारे कोणी नव्हते. २०१० च्या मार्चनंतर त्याच्याकडून संदेश आला नाही.

अमिरातीतला तांडा मात्र दुपारी डांबरावर परततो आणि छोटे कंप्रेसर घरघरू लागतात. १५ पौंडांवर महामार्ग गाठणे धोक्याचे असते, कारण मऊ टायर दर फेऱ्यात वाकून तापतो आणि वेगात फुटू शकतो. चाके या वेळी तापलेली असल्यामुळे काही चालक दोन-तीन पौंड जास्तच भरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड टायरवर, काटा पुन्हा ३५ वर आलेला असतो.