छायाचित्रणातील मोठी छत्री

फ्लॅशचा किंवा दिव्याचा प्रकाश पसरवून त्याचा उगम मोठा करण्यासाठी वापरले जाणारे, काड्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या पांढऱ्या, रुपेरी किंवा सोनेरी कापडाचे घडीचे साधन. फोटोवाले तिला नुसते छत्री किंवा अम्ब्रेला म्हणतात. ८४ ते ११० सेंमी.च्या छत्र्या लहान-मध्यम समजल्या जातात, १५० सेंमी.च्या (६० इंच) आणि त्यापुढच्या, २१० सेंमी.पर्यंतच्या (७ फूट) मोठ्या. हा आकडा जपून वाचावा लागतो. काही उत्पादक पावसाच्या छत्रीप्रमाणेच कापडाच्या फुगवट्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावून मोजतात, त्यामुळे उघडल्यावर तोंडाचा प्रत्यक्ष व्यास पेटीवरच्या आकड्यापेक्षा कमी भरतो.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅशवरचे काम १९३०च्या दशकात अमेरिकन अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी पुढे नेले. पुढे तो फ्लॅश स्टुडिओत रुळला आणि १९६०च्या दशकापर्यंत छत्री सर्रास दिसू लागली. त्याआधी एकोणिसाव्या शतकातल्या स्टुडिओंत काचेचे छप्पर आणि त्याखाली सरकते पांढरे पडदे हेच काम करीत. २००६ साली डेव्हिड हॉबी या अमेरिकन वृत्तछायाचित्रकाराने कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश उतरवून स्टँडवर छत्रीत लावण्याची रीत इंटरनेटवरून शिकवायला सुरुवात केली. महागडे स्टुडिओ दिवे न घेताही चांगला प्रकाश मिळतो, हे त्यानंतर जगभरच्या हौशी लोकांना पटले.

तत्त्व

सावलीची कड मऊ पडणार की धारदार, हे प्रकाशाचा उगम ज्याचा फोटो काढायचा त्याच्या जागेवरून केवढा दिसतो यावर ठरते. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किमी. आहे, पण १५ कोटी किमी.वरून तो आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून वैशाखातल्या दुपारी नाकाची सावली ओठावर रेघ मारल्यासारखी पडते. तोच सूर्य श्रावणात ढगाआड गेला की अख्खे आकाश उगम बनते आणि सावल्या विरून जातात. छत्री हेच लहान प्रमाणावर करते. फ्लॅशची काच चार-पाच बोटे रुंद असते, छत्री त्या प्रकाशाला दीड-दोन मीटरवर पसरवते.

१०० सेंमी.ची छत्री चेहऱ्यापासून १ मी.वर ठेवली तर ती सुमारे ५३ अंश व्यापते. १५० सेंमी.ची छत्री १.५ मी.वरून तेवढेच अंश व्यापते. म्हणजे एकट्या माणसाच्या चेहऱ्यापुरते पाहिले तर मोठ्या छत्रीने फार मोठी बाजी मारली असे होत नाही, लहान छत्री जवळ आणली की भागते. मोठी छत्री घेण्याचे खरे कारण अंतर हे आहे. लांबूनही ती मोठीच दिसते, आणि लांब ठेवता आली की प्रकाश सर्वांवर सारखा पडतो.

लग्नाच्या स्टेजवर हे लख्ख दिसते. नवरदेव-नवरीच्या दोन्ही बाजूंना मामा, आत्या, काका असे मिळून चार मीटर रुंदीची रांग उभी आहे असे धरू. कॅमेऱ्याजवळची छत्री रांगेच्या मध्यापासून १.५ मी.वर असेल, तर कडेचा माणूस छत्रीपासून २.५ मी.वर येतो आणि अंतराच्या वर्गाच्या नियमाने (अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई) त्याला मधल्याच्या जेमतेम ३६ टक्के प्रकाश मिळतो. नवरी उजळ, आत्याबाई अंधारात. छत्री ४ मी.वर नेली की कडेच्या माणसाला ८० टक्के प्रकाश मिळतो. हा फरक फोटोत जाणवत नाही. पण ४ मी.वरून १०० सेंमी.ची छत्री फक्त १४ अंश व्यापते, सावल्या पुन्हा कडक होतात आणि मागच्या पडद्यावर डोक्यांच्या आकृत्या उमटतात. २१० सेंमी.ची छत्री तिथूनही २९ अंश देते. (वर्गाचा नियम काटेकोरपणे बिंदूसारख्या उगमाला लागू पडतो. छत्री अगदी जवळ असताना प्रकाश त्याहून सावकाश घटतो. हिशेबाचा कल मात्र तोच राहतो.)

प्रकार

पांढऱ्या पातळ कापडाची आरपार छत्री फुगीर बाजूने माणसाकडे रोखतात आणि प्रकाश कापडातून गाळून येतो. तिच्या आड काही येत नसल्याने ती चेहऱ्याच्या अगदी जवळ, फ्रेमच्या कडेपर्यंत आणता येते. उणीव अशी की बराचसा प्रकाश कापडावरून उलटा फिरून खोलीभर उधळतो. परावर्तक छत्रीला बाहेरून काळे अस्तर असते. फ्लॅश माणसाकडे पाठ करून छत्रीत मारायचा आणि परतून आलेला प्रकाश वापरायचा. हिची दांडी माणसाकडे रोखलेली असते. जवळून फोटो काढताना ती कोणाच्या डोळ्याशी येणार नाही हे आधी पाहावे, विशेषतः लहान मुले असताना. अस्तर काढता येणारी छत्री दोन्ही प्रकारे चालते. पहिल्यांदा घेणाऱ्याने तीच घ्यावी.

आतला रुपेरी पापुद्रा पांढऱ्यापेक्षा साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश देतो आणि चमक वाढवतो. शालूची जर, नथीचे मोती, पितळी समई यांना तो साजतो. घामेजल्या कपाळाला अजिबात नाही. मे महिन्यात नागपुरात कपाळ घामेजलेलेच असते, त्यामुळे इथे पांढरी परावर्तक छत्री जास्त कामाची. सोनेरी छत्री त्वचेला पिवळट झाक देते आणि ती नंतर काढून टाकणे जिकिरीचे असते. सोळा काड्यांची खोलगट छत्री दिसली की तिला पॅराबोलिक म्हणायची बाजाराची रीत आहे. त्यातल्या बहुतेकींचा वक्र खऱ्या अन्वस्ताच्या (पॅराबोलाच्या) जवळपासही नसतो. खोलगट आकाराचा फायदा मात्र खरा आहे, प्रकाश कमी सांडतो. काही मोठ्या छत्र्यांच्या तोंडावर पांढरा पडदा चढवता येतो. तो चढवला की छत्री जवळजवळ सॉफ्टबॉक्ससारखी (तोंडावर पांढरे कापड असलेल्या दिव्याच्या पेटीसारखी) वागते, तीही कमी पैशांत आणि घडी करून खांद्यावर नेता येईल अशी.

फ्लॅश दांडीवर कुठे बसवला यालाही महत्त्व आहे. तो कापडाच्या फार जवळ असला तर मधलाच गोल उजळतो आणि घेतलेली मोठी छत्री लहान होऊन बसते. छोट्या फ्लॅशचा झूम सर्वांत रुंद करून, त्याची प्रकाश पसरवणारी पांढरी पट्टी पुढे ओढून आणि तो दांडीच्या टोकाकडे सरकवूनही ७ फुटी छत्री काठापर्यंत भरेलच असे नाही. एक साधा चाचणी-फोटो छत्रीचाच काढला की कापड कुठपर्यंत उजळले ते कळते. माणसाच्या बुबुळातही ते दिसते: गोल तुकडा, त्यात काड्यांच्या रेघा. चष्मेवाल्यांच्या काचेत मोठी छत्री हमखास उतरते. तेव्हा ती आणखी वर आणि बाजूला न्यावी, किंवा चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलून काच खाली झुकवावी.

नागपुरातला वापर

नागपूर २१.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, २६ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या मध्यास, दुपारी बारा वाजून दहा ते वीस मिनिटांच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायातच पडते. जुलैत बहुधा ढग असतात. मेमध्ये सुटका नसते. डोळ्यांच्या खोबणी काळ्या, नाकाचा शेंडा पांढरा. लग्नसराईही नेमकी याच दिवसांत असते, आणि बाहेर ४५ अंश तापमानात नवरीला फोटोसाठी उभे करायचे असते.

अशा उन्हाशी फ्लॅशने सामना करायचा तर हिशेब नडतो. कडक उन्हात आयएसओ (संवेदनक्षमता) १०० आणि १/२०० सेकंदाला छिद्र एफ/११च्या आसपास ठेवावे लागते. छोटा फ्लॅश पूर्ण ताकदीने पांढऱ्या छत्रीतून दीड मीटरवरून मारला तरी एफ/५.६ ते एफ/८ इतकाच प्रकाश पोचतो (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश कमी पडला असे समजायचे). यापेक्षा वेगवान शटरसाठी हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरशी फ्लॅश जुळवण्याची सोय) लावला तर फ्लॅशची ताकद आणखी घटते. सूर्याला हरवायचे तर ४००-६०० वॅट-सेकंदांचा बॅटरीवरचा दिवा हवा. पण दुपारच्या उन्हात छत्रीचा दुसराच उपयोग अधिक शहाणपणाचा आहे. फ्लॅश बाजूला ठेवावा आणि पांढरी आरपार छत्री सूर्य आणि चेहरा यांच्या मध्ये धरावी. सूर्याचाच प्रकाश गाळून एक-दोन स्टॉप कमी आणि मऊ होऊन खाली येतो. मागे उन्हातली भिंत किंवा रस्ता असेल तर तो पांढराफटक होईल, म्हणून पाठीमागे गर्द सावली शोधावी. सेमिनरी हिल्सची झाडी, महाराजबागेतली मोठी झाडे यासाठी चांगली.

फुटाळा तलावावर संध्याकाळी उलट परिस्थिती असते. सूर्य टेकला की आकाशाचा उजेड मिनिटामिनिटाला उतरतो, आणि ज्या छोट्या फ्लॅशची दुपारी डाळ शिजत नव्हती तो पुरून उरतो. आधी आकाशाचे एक्स्पोजर धरायचे, मग छत्रीतल्या फ्लॅशने जोडप्याचा चेहरा त्याच्या बरोबरीला आणायचा. इथे अडचण वेगळीच, वाऱ्याची. १५० सेंमी.च्या छत्रीचे तोंड जवळपास पावणेदोन चौरस मीटर असते. ताशी ३६ किमी.चा वारा समोरून आला तर तिच्यावर दहा ते पंधरा किलो वजनाइतका जोर येतो, ७ फुटी छत्रीवर त्याच्या दुप्पट, आणि तोही दोन मीटर उंचीवर. स्टँड उभाच राहत नाही. एप्रिल-मेमधल्या संध्याकाळी अचानक उठणाऱ्या वावधनाचा (धुळीच्या वादळाचा) वेग याहून जास्त असतो. स्टँडचा एक पाय छत्री झुकलेल्या बाजूला ठेवावा, पायांवर वाळूची पिशवी टाकावी. लग्नाच्या लॉनवर वाळू नसली तरी २० लिटरचा पाण्याचा भरलेला कॅन असतोच. तो दोरीने स्टँडच्या मधल्या दांड्याला बांधतात. तरीही सर्वांत खात्रीचे वजन म्हणजे स्टँड धरून उभा राहणारा माणूस, आणि धूळ उठताना दिसली की आधी छत्री मिटायची, मग बाकीचे.

घरातल्या अडचणींबद्दल मात्र फारसे कोणी सांगत नाही. नागपुरातली कित्येक घरगुती कामे, साखरपुडा, हळद, डोहाळजेवण, बारसे, दहा बाय बाराच्या खोलीत उरकतात. महाल-इतवारीच्या जुन्या घरांत तर लाकडी पाटणीचे छत हाताला लागेल इतके खाली असते. तिथे ७ फुटी छत्री उघडली तर खाली पाट आणि वर पंखा, मध्ये माणसाला जागा नाही. तिरकी केलेली छत्री पंख्याच्या पात्यात जाऊन काडी मोडणे हा अगदी नेहमीचा अपघात. पंखा बंद केला तर घरची मंडळी नाराज, आणि खिडकीतला कूलर चालूच असतो. त्याचा झोत स्टँडवरच्या हलक्या छत्रीला सहज गोल फिरवतो. दोन फोटोंमध्ये प्रकाशाची दिशाच बदलते आणि ते लक्षात येते घरी जाऊन. छत्री कूलरच्या रेषेतून काढावी, ब्रॅकेटचा स्क्रू पक्का आवळावा.

मुळात अशा खोलीत कोणती छत्री लावली याला फारसा अर्थ उरत नाही. आरपार छत्रीतून सांडलेला प्रकाश चारही भिंतींवरून परततो आणि खोलीच प्रकाशाचा उगम बनते. भिंती पांढऱ्या असतील तर फ्लॅश सरळ छताच्या कोपऱ्यात मारला तरी जवळपास तोच फोटो येतो, छत्री न उघडता. भिंत पोपटी किंवा गुलाबी असेल तर तो रंग गालावर चढतो. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडानेही हेच होते. एका गालावर हिरवी झाक आणि दुसऱ्यावर नाही, असा फोटो संगणकावर दुरुस्त करणे कटकटीचे असते. म्हणून लहान रंगीत खोलीत काळ्या अस्तराची मध्यम परावर्तक छत्री जवळ घ्यावी आणि मोठी गाडीतच राहू द्यावी. मोठीची जागा म्हणजे मंगल कार्यालयाचे उंच छत, लॉन, शाळा-कॉलेजातले गट-फोटो. तिथे तिच्या तोडीचे स्वस्त साधन दुसरे नाही.

निगा

पांढरे नायलॉन उन्हाने आणि दिव्याच्या उष्णतेने हळूहळू पिवळे पडते. हॅलोजनची सनगन (हातात धरायचा प्रखर दिवा) छत्रीत लावणाऱ्यांच्या कापडाला करपल्याचे डागही पडतात; एलईडी दिव्याने हा त्रास होत नाही. पिवळ्या छत्रीचा प्रकाश एकटा वापरला तर कॅमेऱ्यातला व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची जुळणी) बदलून भागते. दोन छत्र्यांपैकी एक जुनी आणि एक नवी असेल तर भागत नाही. तेव्हा दोन्ही एकदम बदलाव्यात. पावसाळ्यात ओली छत्री पिशवीत कोंबली की कापडाला बुरशी आणि लोखंडी काड्यांना गंज धरतो. काडीच्या टोकाची शिवण उसवली किंवा रिव्हेट निघाला तर पावसाळ्याच्या तोंडावर फुटपाथवर बसणारे छत्री दुरुस्तीवाले ते काम करून देतात, सांगाडा तोच आहे. फायबरग्लासची काडी वाऱ्यात सहज वाकते आणि परत सरळ होते, पण एकदा चिरली की तिला जोड लागत नाही. ती बदलावीच लागते.