व्हीएनजी की ईएनजी? चक्करच्या टेस्टला जायच्या आधी

डॉक्टरांनी चिठ्ठीवर व्हीएनजी लिहिलेलं असतं, घरी येऊन सर्च केलं की ईएनजी निघतं, मग डोकं फिरतं (आधीच फिरत असतं त्यात ही भर) की या दोन टेस्ट आहेत का एकच. काम दोघींचं एकच हो, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडला की डोळे बारीक झटके देत हलतात, ते रेकॉर्ड करायचं. फरक फक्त ते पकडतात कसे त्यात आहे.

ईएनजी जुनी. डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवतात, डोळा फिरला की तिथलं व्होल्टेज किंचित बदलतं आणि त्याचा ग्राफ निघतो. व्हीएनजीत जाडजूड गॉगल, आत इन्फ्रारेड कॅमेरा, तो थेट बाहुलीवर नजर ठेवतो. कुशी बदलली की येणाऱ्या चक्करमध्ये डोळा चाकासारखा गोल फिरतो, ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं, ईएनजीत नीट पकडता येत नाही, म्हणून माझं मत विचाराल तर चॉइस असेल तर व्हीएनजी. पण पापणी खाली उतरलेली असेल तर कॅमेऱ्याला बाहुली दिसणार कशी, तिथे ईएनजीच बरी, ती मिटलेल्या डोळ्यांवरही चालते.

तयारीतला फरक यातूनच येतो. व्हीएनजीला काजळ, मस्कारा अजिबात नको, कॅमेरा काळ्या पापण्यांनाच बाहुली समजतो, आणि वॉटरप्रूफ काजळ आदल्या रात्रीच काढा, सकाळी घाईत थोडं राहतंच. ईएनजीला तेल, क्रीम नको, इलेक्ट्रोड चिकटत नाहीत.

बाकी सगळं सेम, आणि लोक खरं चुकतात ते इथे. टेस्टमध्ये त्रास नको म्हणून चक्करची गोळी घेऊन जातात! सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिनसारख्या गोळ्या तीच प्रतिक्रिया दाबतात जी मोजायचीय, म्हणून त्या साधारण 24 ते 48 तास आधी बंद करायला सांगतात, दारूही तेवढाच वेळ बंद. बीपी, शुगर, फिटची गोळी मात्र मनाने बंद करायची नाही, झोपेच्या गोळीचंही आधी डॉक्टरांना विचारायचं. कानात मळ असेल तर आधी काढून घ्या, पडद्याला भोक असेल किंवा मानेचा त्रास असेल तर सांगून ठेवा.

कारण दोन्हींत शेवटी बहुतेक वेळा कॅलरिक असतं, म्हणजे कानात पाणी सोडतात, एकदा 30 डिग्री, एकदा 44, शरीराच्या 37 पेक्षा सात कमी, सात जास्त. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांना 1914 चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. खोली गरगरते, मिनिट-दोन मिनिटांत थांबते, आणि तेवढ्यात टेस्ट घेणारी बाई विचारते, अ वरून मुलींची नावं सांगा. चेष्टा नाही ती, मेंदू दुसरीकडे गुंतला नाही तर डोळ्यांचे झटके स्वतःच दाबून टाकतो. मळमळू शकतं, त्यामुळे आधीचे दोन-तीन तास पोट हलकं ठेवा, आणि येताना गाडी चालवायला कुणालातरी बरोबर घ्या.