बहुकोनी नळी आणि शिशाची गोळी

पिस्तुलाच्या नळीचे आतले भोक गोल नसून गोलसर कोपऱ्यांच्या षट्कोनाचे किंवा अष्टकोनाचे असेल आणि तो कोन नळीभर पीळ घेत गेला असेल, तर तिला बहुकोनी नळी म्हणतात. पॉलिगोनल रायफलिंग हे तिचे रूढ नाव. अशा नळीतून वरून आवरण नसलेली, नुसत्या शिशाची गोळी झाडू नये, असा इशारा ग्लॉक पिस्तुलाची कंपनी देते. इशारा रास्त आहे, पण त्याचे कारण बहुधा अर्धेच सांगितले जाते.

गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळाली नाही तर ती हवेत कोलांट्या खाते. म्हणून नेहमीच्या नळीत सर्पिल खाचा कोरतात. दोन खाचांमध्ये उरलेल्या धारदार कडा गोळीच्या अंगात रुततात आणि तिला फिरवतात. बहुकोनी नळीत अशा कडा नसतात. असतात ते हलके उंचवटे आणि उतार. गोळी कापली जात नाही, दाबून त्या आकारात बसवली जाते. ही नळी सहसा कोरून काढत नाहीत. कोनदार कडक दांडा आत घालून बाहेरून थंड नळीवर यांत्रिक हातोड्यांचे ठोके दिले की आतला आकार आपोआप उठतो. गोळी नळीला सगळीकडून चिकटून बसते, त्यामुळे मागचा वायू कमी निसटतो. धारदार कोपरे नसल्याने पुसायलाही सोपे. जर्मनीच्या हेकलर अँड कॉखने ही पद्धत पिस्तुलांत आणली. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक 17 स्वीकारल्यावर ती जगभर माहीत झाली.

शिसे नखानेही ओरखडते. तापी-गिरणेच्या काठी जाळ्याला लावायचे शिसे हातात घेतलेल्या कुणालाही हे सांगावे लागत नाही. ते 327 अंश सेल्सियसला वितळते, तर तांब्याला 1,085 अंश लागतात. म्हणूनच आजच्या बहुतेक गोळ्या आतून शिशाच्या आणि वरून तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण चढवलेल्या असतात. स्वस्त सरावासाठी मात्र शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून, वर मेणासारखे वंगण लावून ओतलेल्या गोळ्या अनेक देशांत सर्रास वापरतात. बहुकोनी नळीचा प्रश्न याच गोळ्यांपुरता आहे.

शिशाला वंगण लागते ही गोष्ट आपल्याला नवी नाही. 1857 च्या काडतुसांवरची चरबी सर्वांच्या पाठ आहे, पण ती तिथे होती कशासाठी, हे शाळेत क्वचितच सांगतात. एनफिल्ड रायफलच्या नळीत खाचा होत्या. शिशाची गोळी तिच्यात सहज उतरावी आणि नळी लवकर बरबटू नये, म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी चोपडलेली असे. खानदेशात 1825 साली जेम्स औट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभी केली तेव्हा ही अडचण नव्हती. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी सैल.

गंमत अशी की बहुकोनी नळीचा पूर्वज शिशाच्याच गोळ्या झाडत असे. इंग्रज यंत्रज्ञ जोसेफ व्हिटवर्थने 1850 च्या दशकात षट्कोनी नळीची रायफल केली. एनफिल्डचे भोक .577 इंचाचे, हिचे .451 चे. एनफिल्डमध्ये 78 इंचांत एक पीळ, हिच्यात 20 इंचांत. लांबच्या माऱ्यात ती एनफिल्डला सहज मागे टाकत असे. 1860 मध्ये विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने याच रायफलची गोळी झाडून केले. तरी ब्रिटिश सैन्याने ती घेतली नाही. एक तर ती महाग होती, आणि तिच्या नळीत काजळी लवकर साठत असे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीही तक्रार तीच होती, नळीत काहीतरी साठण्याची.

तेव्हा ‘कोन आणि शिसे यांचे जमत नाही’ एवढेच म्हणणे चुकीचे आहे. काळ्या दारूच्या वेगात, कागदात गुंडाळलेल्या गोळीने ते जमत होते. आजच्या 9 मिमी पिस्तुलात परिस्थिती निराळी आहे. काडतुसातला दाब 2,300 बारच्या (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) पुढे जाऊ शकतो. गोळी सेकंदाला साधारण 350 मीटर वेगाने निघते. ग्लॉक 17 ची नळी 114 मिलिमीटर लांब, आणि तिच्यातला पीळ 250 मिलिमीटरला एक. गोळी नळीत अर्धी फेरीही पुरी करत नाही, पण बाहेर पडताना ती सेकंदाला 1,400 फेऱ्यांच्या फिरकीत असते. ही फिरकी तिला शून्यातून, हाताच्या पंज्याहून लहान अंतरात घ्यावी लागते.

मऊ गोळीला धारदार कडेचा आधार नसेल तर या झटक्यात ती थोडी घसरते आणि तिचे अंग नळीला पुसले जाते. गोळी नळीच्या मापाला किंचित बारीक असेल तर आणखी वाईट, कारण बाजूने निसटणारा गरम वायू तिची कड खरवडून नेतो. हे शिसे चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या पोकळीच्या पुढे, नळीच्या सुरुवातीलाच जास्त बसते. पुढची गोळी त्याच थरावरून जाते आणि थर जाड करते. भोक अरुंद होत गेले की दाब चढतो. नेहमीच्या नळीतही शिसे बसते, पण ते खाचांच्या कोपऱ्यांत दिसते आणि नेम बिघडू लागला की लक्षात येते. बहुकोनी नळीत ते चकचकीत पातळ थरासारखे पसरते, आणि वरवर पाहणाऱ्याला नळी स्वच्छच वाटते.

दुसरे कारण कमी सांगितले जाते, पण मला तेही तितकेच वजनदार वाटते. साठलेले शिसे चेंबरच्या तोंडाशी आले की काडतूस पुरते आत बसत नाही. पिस्तूल स्वतः भरून घेणारे असते. त्याची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, केसभर मागे राहिली आणि तरीही चाप दाबताच काडतूस उडाले, तर काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मागच्या भागाला पोलादाचा पुरा आधार नसतो. पुंगळी तिथेच फुटते आणि वायू मुठीकडे येतो. फुटलेल्या पिस्तुलांबद्दल नेमबाजांचे वाद होतात ते याच दोन कारणांवर. तिसरा गट म्हणतो की दोष घरी दारू जास्त भरणाऱ्याचा. तिन्ही गोष्टी एकाच पिस्तुलात जमून येऊ शकतात, हे वादात कोणी ऐकत नाही.

शिशाची गोळी वापरायचीच असेल तर परदेशांतले नेमबाज नेहमीच्या खाचांची वेगळी नळी बसवतात, किंवा तांब्याचा मुलामा दिलेली वा पावडर कोटिंगची गोळी घेतात. काहीजण कडक मिश्रधातूची, नळीच्या मापाची गोळी घेऊन आणि दर थोड्या फैरींनंतर नळी घासून वर्षानुवर्षे निभावतात. त्यांचे निभावते म्हणून इशारा खोटा ठरत नाही.

खानदेशात हा प्रश्न सामान्य परवानाधारकापुढे येत नाही. 9 मिमी हे भारतात प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे त्या मापाचे शस्त्र सामान्य परवान्यावर मिळत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पीक राखणीसाठी असते ती बारा बोअरची बंदूक, आणि आत्मसंरक्षणासाठी .32 चे रिव्हॉल्वर किंवा पिस्तूल. .32 रिव्हॉल्वरचे पारंपरिक काडतूस उघड्या शिशाच्या गोळीचेच, पण तिचा वेग कमी आणि नळी नेहमीच्या खाचांची. एनसीसीच्या शिबिरात .22 रायफल चालवलेले अनेकजण ‘आम्ही तर शिसेच झाडले’ म्हणतात. खरेच आहे, आणि कारणही हेच. परवान्याविना काडतुसे भरणे हा शस्त्र अधिनियम, 1959 प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे घरी गोळ्या ओतण्याची हौसही इथे रुजलेली नाही. स्थानिक वृत्तपत्रांत ज्याच्या जप्तीच्या बातम्या येतात तो गावठी कट्टा तर बहुधा साध्या पाइपाचा असतो. तो फुटतो, पण निराळ्या कारणांनी.

भुसावळ तालुक्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत 1964 पासून सैन्यासाठी लहान शस्त्रांचा दारूगोळा बनतो. रायफलीच्या त्या गोळ्यांना आवरण असतेच, कारण रायफलीच्या वेगाला उघडे शिसे कोणत्याही नळीत टिकत नाही.

नळीत बसलेले शिसे ओळखायचे असेल तर पिस्तूल रिकामे करून, नळी काढून, उजेडाकडे धरून चेंबरच्या बाजूने पाहावे. पोलादाच्या चकाकीत राखाडी पट्टे किंवा पापुद्रे दिसले तर ते शिसे. नुसत्या तेलाच्या चिंधीने ते जात नाही. नळी साफ करायच्या गजाला कांस्याच्या तारांचा ब्रश लावून घासावे लागते, आणि निघालेली पूड विषारी असल्याने त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला लावू नयेत. शिशावर आवरणाची गोळी झाडून नळी ‘साफ’ करण्याची युक्ती काहीजण सांगतात. बहुकोनी नळीत तिच्याइतकी धोक्याची दुसरी युक्ती नाही, कारण आधीच अरुंद झालेल्या भोकातून ती अधिक कडक गोळी ढकलते.