युद्धकॉमिक्स : गोव्यातील संग्रह आणि विक्री

लढाईच्या कथा चित्रमालिकेतून सांगणारी जुनी पुस्तके शोधणे, राखणे, अदलाबदल करणे आणि विकणे, असा हा छंद. काहींच्या बाबतीत जोडधंदा. गोव्यात त्याचा व्यवहार म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, भंगार अड्ड्यांवर, जुनी घरे रिकामी करताना माळ्यावरून उतरलेल्या पेट्यांत आणि आता मोबाईलवरच्या गटांत चालतो. बोलताना या सगळ्या पुस्तकांना सरसकट ‘कमांडो’ म्हणतात, कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणावे तसे. प्रत्यक्षात ‘कमांडो’ हे त्यांतल्या एकाच मालिकेचे नाव आहे, आणि विकणाऱ्याला हा फरक ठाऊक नसला तर नुकसान त्याचेच होते.

युद्धकालीन आणि युद्धविषयक

पहिला घोटाळा इथेच होतो. ‘दुसऱ्या महायुद्धाचे कॉमिक’ म्हणून जे समोर येते ते बहुधा महायुद्ध संपून पंधरा-वीस वर्षे झाल्यावर छापलेले असते. कथा १९४२ची, छपाई १९६८ची. युद्धकालीन अंक म्हणजे १९३९ ते १९४५ या काळात निघालेले अंक. त्यांची जात, बाजार आणि भाव तिन्ही वेगळे.

युद्धकालीन अंकांत सर्वांत गाजलेला म्हणजे अमेरिकेतील ‘कॅप्टन अमेरिका कॉमिक्स’चा पहिला अंक. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावतो. अंकावर मार्च १९४१ असे छापलेले आहे, पण तो विक्रीला आला डिसेंबर १९४०मध्ये. पर्ल हार्बरवरचा हल्ला त्यानंतर वर्षभराने झाला. तेव्हा दहा सेंटला मिळणाऱ्या या अंकाची एक उत्तम प्रत २०२२ साली लिलावात ३१ लाख २० हजार डॉलरना गेली. ब्रिटनमध्ये ‘द डँडी’ (१९३७) आणि ‘द बीनो’ (१९३८) ही मुलांची साप्ताहिके हिटलर, गोरिंग आणि मुसोलिनी यांची यथेच्छ टिंगल करत होती. कागदाच्या टंचाईमुळे १९४१पासून ती आठवड्याआड, आलटून पालटून निघू लागली. युद्ध संपले तरी ही पाळी १९४९पर्यंत सुटली नाही.

हे अंक दुर्मीळ का, याचे उत्तर त्याच टंचाईत आहे. युद्धात कागद हा युद्धसामग्रीचा भाग झाला होता. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, मुले हातगाड्या घेऊन दारोदार फिरली आणि घरातली कॉमिक्स त्या गाड्यांत गेली. ज्या पानांवर शत्रूला ठोसे बसत होते, ती लगद्यात जाऊन दारूगोळ्याची पुठ्ठ्याची वेष्टने होऊन रणांगणावर पोचली.

युद्धविषयक अंकांची कहाणी वेगळी. लंडनच्या ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ने सप्टेंबर १९५८मध्ये सुरुवात केली. चौसष्ट पाने, हाताच्या पंजाएवढा आकार, आत काळे-पांढरे चित्रण, बाहेर भडक रंगीत मुखपृष्ठ आणि प्रत्येक अंकात एक संपूर्ण कथा. साचा चालला. १९६०मध्ये ‘एअर एस’, १९६१मध्ये ‘बॅटल’ आणि त्याच वर्षी जुलैत डंडी शहरातील डी. सी. थॉमसन या प्रकाशनसंस्थेचे ‘कमांडो’ आले. ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ २१०३ अंक काढून १९८४मध्ये थांबली. ‘कमांडो’ मात्र अजून निघते. २०१७मध्ये त्याने पाच हजारांचा आकडा ओलांडला. गोव्यात सापडणारा माल जवळपास सगळा या दुसऱ्या गटातला.

गोव्याची बाजू

महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ. तरीही युद्ध इथे आलेच. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे आणि आन्फोरा हे इटालियन जहाज आश्रयाला येऊन मुरगाव बंदरात अडकून पडली होती. यांतल्या एका जहाजावरून जर्मन पाणबुड्यांना बिनतारी संदेश जातात असा इंग्रजांचा संशय होता. ९ मार्च १९४३च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी घोडदळातले, एरवी कचेऱ्या आणि व्यापार सांभाळणारे मध्यमवयीन गृहस्थ एका गाळ वाहणाऱ्या बार्जमधून बंदरात शिरले आणि एरेनफेल्सवर चढले. जहाजे शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून जर्मन आणि इटालियन खलाशांनी चारही जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. ‘कमांडो’च्या चौसष्ट पानांत चपखल बसावा असा हा प्रसंग. गोव्याच्या संग्राहकाला मुरगावचा धक्का आणि बार्ज ही रोजची दृश्ये असल्याने ही गोष्ट तो हमखास ऐकवतो, आणि ऐकवताना अंकाची किंमत थोडी वाढवतो, असे दिसते.

मुक्तीनंतर, म्हणजे डिसेंबर १९६१नंतर, इंग्रजी कॉमिक्स येण्याचे मोठे दार मुंबई. दुसरे दार समुद्राचे. गोव्याच्या कितीतरी घरांतला एक तरी पुरुष तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा. रजेवर येताना त्याच्या ट्रंकेत साबण, चॉकलेटे, ब्लेडची पाकिटे आणि जहाजावर वाचून झालेली पुस्तके असत. अशा ट्रंकेतून आलेल्या अंकांवर परदेशी विक्रेत्याचा शिक्का किंवा चिकटवलेली किंमत सापडते, आणि अंक कोणत्या बंदरातून आला ते कळते. संग्राहक अशी चिठ्ठी खरवडून काढत नाहीत.

पुढचा टप्पा भाड्याच्या वाचनालयांचा. अनामत ठेवायची, दिवसाला काही पैसे द्यायचे आणि अंक न्यायचा. वाचनालयवाला अंक टिकावा म्हणून कण्याशेजारी दाभणाने भोके पाडून जाड दोऱ्याने शिवत असे, वर खाकी कागदाचे कव्हर आणि मुखपृष्ठावर मधोमध जांभळा शिक्का. पायलटच्या तोंडावर ‘पुस्तक दुमडू नये’ असा शिक्का बसलेला अंक या नोंदलेखकाकडे आहे. परदेशी मापदंडाने त्याची किंमत जवळपास शून्य. इथल्या बाजारात मात्र असा शिक्का पाहून खूश होणारे गिऱ्हाईक भेटते, कारण त्याने तो अंक त्याच वाचनालयातून आणलेला असतो.

फोंडा, डिचोली, पेडणे या बाजूच्या मराठी वाचणाऱ्या घरांत मराठी इंद्रजाल कॉमिक्स जास्त मुरलेली. टाइम्स समूहाने १९६४मध्ये सुरू केलेली ही मालिका १९९०पर्यंत चालली. वेताळ आणि मॅन्ड्रेक मराठीत वाचायचे आणि ‘कमांडो’ चित्रांवरून समजून घ्यायचे, अशी वाटणी. इंग्रजी नीट येत नसतानाही जर्मन शिपायाचे ‘आखटुंग!’ आणि जपान्याचे ‘बान्झाय!’ प्रत्येकाला पाठ होते. काजूच्या बागेत लढाई खेळताना जर्मन व्हायला कुणी तयार नसे, म्हणून ते काम धाकट्या भावांकडे येई. आज पन्नाशी-साठीतले जे लोक हे अंक विकत घेतात, ते बहुतांशी याच पोरांपैकी.

पोर्तुगीज अंक

गोव्यातल्या पेट्यांत कधी कधी पोर्तुगीज चित्रमालिका निघतात, आणि त्यांत एक गंमत दडलेली असते. ब्रिटिश अंकांतला बॅटलर ब्रिटन हा लढाऊ वैमानिक पोर्तुगालमधल्या ‘ओ फाल्काओ’ या नियतकालिकात मेजर अल्वेगा झाला. चित्रे तीच, विमान तेच. फक्त नायकाचे वडील पोर्तुगीज आणि आई इंग्रज. तटस्थ देशाला अशा रीतीने एक लढवय्या मिळाला. असा अंक आणि त्याचा इंग्रजी मूळ अंक शेजारी ठेवता आला तर संग्राहकाला त्याहून मोठा आनंद नसतो.

नवख्या विक्रेत्याची फसगत इथे ठरलेली. पोर्तुगीज किमतीत एस्कुदो आणि सेंतावू यांच्या मधे जे चिन्ह येते ते डॉलरच्या चिन्हासारखे दिसते. अडीच एस्कुदोचा अंक ‘अडीच डॉलरचा अमेरिकन अंक’ म्हणून फोटोसह विकायला निघालेला पाहायला मिळतो. गोव्यात एस्कुदो १९५९मध्ये आला आणि मुक्तीबरोबर गेला, त्यामुळे स्थानिक दुकानाने हाताने एस्कुदोत किंमत टाकलेला अंक सापडला तर तो कोणत्या दोन-तीन वर्षांत विकला गेला ते आपोआप ठरते.

अंक ओळखणे

ब्रिटिश अंकांचे वय सांगायला किंमत उपयोगी पडते. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान चलन स्वीकारले. किंमत शिलिंगात असेल तर अंक त्याआधीचा, नव्या पेन्सात असेल तर नंतरचा. ‘कमांडो’त जुन्या कथा नव्या क्रमांकाने पुन्हा छापण्याची पद्धत आहे, त्यामुळे कथेचे नाव ओळखीचे वाटले म्हणून अंक जुना ठरत नाही, क्रमांक आणि किंमत दोन्ही पाहावे लागतात. ‘वॉर पिक्चर लायब्ररी’ काढणाऱ्या फ्लीटवे या प्रकाशनसंस्थेच्या अंकांवर चित्रकारांची नावे छापत नसत. इटालियन चित्रकार ह्यूगो प्रॅट याने ‘वॉर पिक्चर लायब्ररी’साठी काम केले होते, आणि त्याच्या हातचे अंक ओळखून बाजूला काढणे हे या छंदातले वरच्या दर्जाचे कौशल्य. जाड शाईचे फटकारे, सावलीत हरवलेले चेहरे आणि समुद्र काढण्याची हातोटी यांवरून जाणकार ते सांगतात. विकणारा ते किलोच्या भावात देऊन बसतो.

परदेशात अंकाच्या स्थितीला अर्ध्यापासून दहापर्यंत गुण देतात. २०००पासून अमेरिकेत गुण देऊन अंक कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देणारी सेवा आहे. त्या डबीला ‘स्लॅब’ म्हणतात. साध्या ‘कमांडो’साठी हा खर्च वेडेपणाचा आहे. स्लॅबमधला अंक उघडून वाचता येत नाही, हे एक कारणही पुरेसे आहे.

कागद आणि पाऊस

ही पुस्तके स्वस्तात स्वस्त कागदावर छापली गेली. लाकडाच्या लगद्यातले लिग्निन त्यात तसेच राहते; उजेड आणि हवा लागली की ते कागदाला पिवळे, मग तांबूस, मग कुरकुरीत करते. हे जगात सगळीकडे होते. गोव्यात त्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंती घाम गाळतात, कपाटातल्या चपलांवरही बुरशी धरते, तिथे साठ वर्षांच्या कागदाची काय कथा. पहिल्यांदा पिना गंजतात. गंजाचा तपकिरी डाग मधल्या पानांत उतरतो आणि एका दिवशी मधली जोडपाने अलगद हातात येतात. मग कसर. ती पानाचा वरचा थर आणि कण्याची खळ खाते. मुखपृष्ठावरच्या आकाशात नकाशासारखे पांढरे चट्टे दिसले की ती येऊन गेली असे समजावे. वाळवी सर्वांत शेवटी येते, पण ती आली की काहीच शिल्लक ठेवत नाही. मातीच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या खोक्यातले वरचे दोन अंक शाबूत आणि खाली नुसती माती, असा अनुभव एका पावसाळ्यात या लेखकाने घेतलेला आहे.

उपाय साधे आहेत. प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या, म्हणजे बाजारात मायलर म्हणतात त्या, पाकिटात. मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसीचे स्वस्त पाकीट चिकटते आणि रंग ओढून घेते, ते टाळावे. अंक उभे ठेवावेत, खोके जमिनीपासून वर आणि भिंतीपासून वीतभर दूर. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात दोनदा बदलाव्यात. गंजलेली पिन काढून त्या जागी नवी ठोकू नये. जुनी हळूच काढून दोऱ्याने बांधलेले बरे, आणि विकताना तसे सांगावे. पारदर्शक चिकटपट्टी लावणे हा या छंदातला एकमेव अक्षम्य गुन्हा मानतात. काही वर्षांत पट्टी गळून पडते, पिवळा डिंक मात्र कायमचा राहतो.

वर्षातले दोन काळ धोक्याचे, आणि म्हणूनच मालाचेही. चवथीआधी घरे साफ होतात, रंग निघतो, माळे रिकामे होतात. दिवाळीआधी वाड्यावाड्यांवर नरकासुर उभे राहतात आणि त्यांच्या सांगाड्यावर चिकटवायला रद्दी लागते. या दोन्ही वेळी भंगारवाल्याच्या टेम्पोआधी पोचणाऱ्याला चांगले अंक मिळतात. ओळखीच्या घरांत आधीच सांगून ठेवावे लागते, आणि सांगताना ‘जुनी पुस्तके’ असे म्हणून चालत नाही. लोक शाळेची पुस्तके काढून देतात. एक अंक सोबत नेऊन दाखवावा.

विक्री

माल तीन टप्प्यांत हलतो. भंगारवाला किलोने घेतो, फिरता विक्रेता त्याच्याकडून उचलून नगावर विकतो, आणि संग्राहक त्याच्याकडून निवडून घेतो. एकेका अंकाचा भाव क्रमांक, स्थिती आणि घेणाऱ्याची आठवण यांवर ठरतो. पहिल्या शंभरातले ‘कमांडो’, शिलिंगातली किंमत असलेले अंक आणि सलग क्रमांकांचे गठ्ठे यांना मागणी जास्त. कव्हर गेलेले अंक कुणी घेत नाही, अपवाद वाचण्यापुरते घेणाऱ्यांचा. ते गठ्ठ्यात फुकट घालतात. मुंबईच्या फोर्टातल्या फूटपाथवर घेतलेला माल गोव्यात आणि गोव्यातला मुंबईत विकणारेही आहेत, कारण दोन्हीकडच्या गिऱ्हाइकाला आपल्याच गावात तो मिळाला नसता असे वाटते.

मोबाईलवर विकताना चार फोटो मागितले जातात: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, कणा आणि मधले पान पिनांसकट. त्यानंतर गिऱ्हाईक विचारते, वास येतो का. डांबरगोळ्यांचा वास चालतो. ओल्या मातीसारखा वास असेल तर अंकात बुरशी जिवंत आहे असे समजून सौदा मोडतो. अंक पाठवताना दोन पुठ्ठ्यांत दाबून, वर प्लॅस्टिक गुंडाळून पाठवतात. पावसाळ्यात ठरलेले सौदे बरेच जण चवथीनंतरच पोस्टात टाकतात.