जनरेटर घ्यायला येताना फ्रीज आणि पंपाची पाटी (वॅट-एचपी लिहिलेली) वाचून या

"घरापुरता छोटासा जनरेटर द्या" असं कुणी म्हटलं की आम्ही मशीन दाखवण्याआधी त्यावर काय काय चालवणार याची यादी मागतो. काही जण वैतागतात. पण ज्यांनी यादी न देता मशीन नेलं, त्यांचाच आठवड्याभरात फोन येतो : "जनरेटर लोड घेत नाही, बदलून द्या."

आमचा माणूस जातो, पंप एकटा लावून पाहतो आणि तो व्यवस्थित चालतो. म्हणजे मशीन ठीक असतं, हिशेब चुकलेला असतो.

चूक नेहमी एकच. पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज यांच्या वॅटची बेरीज करून तेवढ्याच ताकदीचा जनरेटर घेतला जातो. पंखे-दिव्यांपुरती ती बेरीज चालते, मोटर असलेल्या वस्तूला नाही. चालू असताना दीड-दोनशे वॅट घेणारा साधा फ्रीज कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर सहाशे ते हजार वॅट मागू शकतो. पंपाचं त्याहून अवघड. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट खरे, पण ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी ताकद झाली. तारेतून पंप साधारण हजार-अकराशे वॅट ओढतो आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. तेवढं मिळालं नाही की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती गुंगुं करते, ब्रेकर उडतो. तरीही पुन्हा पुन्हा बटण दाबत राहिलात तर मोटरचं वायंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) जळतं, आणि ते वॉरंटीत बसत नाही.

म्हणून चालू लोडची बेरीज करा आणि त्यात सर्वांत मोठ्या मोटरचा सुरू होतानाचा जादा लोड मिळवा. मोटरी एकेक करून लावा, मोठी आधी. नव्या इन्व्हर्टर फ्रीजचा झटका बराच कमी असतो, तेव्हा तुमचा कोणता ते सांगा. गिझर आणि इस्त्री जनरेटरवर नकोच.

खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. 'मॅक्सिमम' थोडाच वेळ मिळतं, सलग चालवायला 'रेटेड' बघायचं. आकडा केव्हीएमध्ये दिला असेल तर त्यातले वॅट किती मिळणार ते पॉवर फॅक्टर सांगतो : तो ०.८ असेल तर २ केव्हीएचे १६०० वॅटच होतात.

फक्त दिवे-पंखे तास-दोन तास चालवायचे असतील तर बॅटरी-इन्व्हर्टर घ्या, आम्ही स्वतःच तसं सांगतो. पंपासकट घर चालवायचं असेल तर मात्र आमच्याकडे या. दुकानात मागे एक जुना फ्रीज ठेवलाय, तो जनरेटरवर चालू करूनच मशीन हातात देतो.

जनरेटर घरात, बाल्कनीत, बंद गॅरेजमध्ये लावायचा नाही, खिडकी उघडी असली तरी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने जीव जातो. दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा, सायलेन्सरचं तोंड घराकडे नको. घराच्या वायरिंगला जोडायचा तर चेंजओव्हर स्विच (एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा) लागतोच. भिंतीच्या सॉकेटमधून उलटी वीज सोडली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. अशी जोडणी आम्ही करून देत नाही, कितीही आग्रह केलात तरी.

यादी फोनवर पाठवलीत तरी चालेल, हिशेब करून देण्याचे पैसे घेत नाही. सोबत पंपाच्या पाटीचा फोटो जोडा, बहुतेकांचा तेवढाच राहून जातो.